मानवी व्यापाराचा खटला : पुराव्याची सुरुवात गावातून

संविधानातील बहुतेक मूलभूत हक्क म्हणजे शासनसंस्थेच्या अधिकारांना घातलेल्या मर्यादा होत. तेविसावा अनुच्छेद मात्र काहीसा वेगळा आहे. माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी यांना त्याने केलेली मनाई जशी शासनाला लागू आहे, तशीच ती सावकाराला, मुकादमाला, कारखानदाराला आणि शेजाऱ्यालाही लागू आहे. या अनुच्छेदाचा भंग हा कायद्याने शिक्षापात्र अपराध ठरेल, असेही संविधानकारांनी त्यातच लिहून ठेवले. माणसाची खरेदी-विक्री ही केवळ दुःखद सामाजिक घटना नसून तो गुन्हा आहे आणि गुन्ह्याचा शेवट न्यायालयातील निकालात झाला पाहिजे, हा त्यामागील आशय आहे.

प्रत्यक्षात काय घडते, याचे एक उदाहरण फार जुने नाही. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी कुटुंबातील सुमारे दहा वर्षे वयाच्या मुलीचा मृत्यू झाला. तिला शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मेंढ्या राखण्यासाठी ठेवण्यात आले होते. तिच्या मृत्यूनंतर झालेल्या चौकशीत असे उघडकीस आले की, काही हजार रुपये आणि एखादी मेंढी आईबापांच्या हाती देऊन तिच्यासारखी इतरही मुले कामासाठी नेण्यात आली होती. त्यानंतर गुन्हे नोंदले गेले आणि मुलांची सुटका करण्यात आली.

हे सारे एका बालिकेच्या मृत्यूनंतर घडले, ही गोष्ट प्रत्येक अधिकाऱ्याने, शिक्षकाने व पंचायत सदस्याने विचारात घेण्यासारखी आहे. मूल गावातून जाते तेव्हा शाळेचा हजेरीपट, ग्रामपंचायतीची जन्मनोंद, अंगणवाडीची वही आणि शेजाऱ्यांची आठवण ही सर्व साधने गावातच असतात. मानवी व्यापाराचा गुन्हा बहुधा दूरच्या शहरात, भट्टीवर किंवा वाड्यात उघडकीस येतो. परंतु तो सिद्ध करण्यास लागणारा पुरावा मात्र बळीच्या गावात असतो. हा पुरावा वेळीच जपला गेला नाही, तर उत्तमोत्तम कायदाही न्यायालयात दुबळा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार त्या दृष्टीने केला आहे.

गुन्ह्याची तीन अंगे

मानवी व्यापाराची आज जगभर मान्य असलेली व्याख्या संयुक्त राष्ट्रसंघाने १५ नोव्हेंबर २००० रोजी स्वीकारलेल्या पूरक करारात आहे. पालेर्मो येथे स्वाक्षऱ्या झाल्यामुळे तो त्या शहराच्या नावाने ओळखला जातो. भारताने त्याला २०११ साली अनुसमर्थन दिले. या व्याख्येची तीन अंगे आहेत. पहिले अंग कृतीचे : माणसाची भरती करणे, त्याला नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा स्वीकारणे. दुसरे साधनाचे : धाक, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष. तिसरे अंग हेतूचे, म्हणजे शोषणाचे. बळी बालक असेल तर, या करारानुसार, साधन सिद्ध करण्याचीही आवश्यकता नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पैसे घेऊन माणसांना चोरवाटेने सरहद्दीपलीकडे पोचवणे हा निराळा गुन्हा आहे. त्यासाठी त्याच सुमारास स्वतंत्र पूरक करार झाला. चोरट्या वाहतुकीत गुन्हा देशाच्या सरहद्दीविरुद्ध असतो आणि मुक्कामी पोचल्यावर व्यवहार बहुधा संपतो. मानवी व्यापारात गुन्हा माणसाविरुद्ध असतो आणि मुक्कामी पोचल्यावरच त्याच्या शोषणास प्रारंभ होतो. शिवाय मानवी व्यापारासाठी सरहद्द ओलांडावीच लागते असे नाही. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेलेले मूलही या गुन्ह्याचा बळी असू शकते. मात्र चोरवाटेने निघालेला माणूस पुढे कर्जात किंवा धाकात अडकला, तर तोही मानवी व्यापाराचा बळी ठरतो. म्हणून त्याची कागदपत्रे तपासून त्याला केवळ आरोपी मानणे ही घोडचूक होईल.

भारतीय दंड संहितेत ही व्याख्या २०१३ साली आली. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी २०१३ मध्ये केलेल्या शिफारशींनंतर कलम ३७० नव्याने लिहिण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली असून तिच्यातील कलम १४३ मध्ये हीच तरतूद आहे. शोषणाच्या प्रकारांत आता भीक मागायला लावण्याचाही स्पष्ट समावेश झाला आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी कलमेच लागू राहतात. या कलमातील दोन गोष्टी ग्रामीण भागात विशेष महत्त्वाच्या आहेत. एक, बळीच्या संमतीला या गुन्ह्यात काहीही महत्त्व नाही. दोन, ज्याच्या ताब्यात बळी आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे किंवा लाभ देणे हेही गुन्ह्याचे साधन मानले आहे. आईबापांच्या हाती उचल ठेवून मूल नेणाऱ्या दलालाला “त्यांनी राजीखुशीने दिले” असा बचाव कायद्याने ठेवलेला नाही.

किंबहुना गुलामगिरीसंबंधीच्या १९५६ च्या पूरक आंतरराष्ट्रीय करारात हाच प्रकार स्पष्ट शब्दांत वर्णिलेला आहे. अठरा वर्षांखालील मुलाला त्याच्या श्रमाचे शोषण व्हावे म्हणून आईबापांनी वा पालकांनी मोबदला घेऊन किंवा न घेता दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, ही गुलामगिरीसदृश प्रथा होय, असे तो करार म्हणतो. कर्जापोटीची बांधिलकीही त्याच यादीत आहे. भारताने हा करार १९६० साली मान्य केला आहे. इगतपुरीच्या मुलांची कहाणी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीत अशी नेमकी बसते.

साखळदंड दिसत नाहीत तेव्हा

“दार उघडे होते, मग ते पळाले का नाहीत?” हा प्रश्न अशा खटल्यांत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर न्यायालयांनी दिलेले आहे. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असे ठरविले की, सक्ती ही केवळ शारीरिक वा कायदेशीर नसते. उपासमारीच्या भीतीने निर्माण होणारी आर्थिक विवशता हीदेखील सक्तीच होय. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हे अनुच्छेद २३ खालील सक्तीची मजुरी ठरते, हा दंडक त्याच निकालाने घालून दिला. पुढे १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसून आले, तर ते उचल वा तत्सम आर्थिक लाभाच्या बदल्यात आहे असे गृहीत धरावे, असे त्या निकालात म्हटले आहे.

याच सूत्राचा प्रत्यय आंतरराष्ट्रीय न्यायदानातही येतो. बोस्नियातील फोचा येथे युद्धकाळात स्त्रिया व मुलींना घरांत डांबून ठेवणाऱ्यांवर द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. २००१ साली आरोपींपैकी दोघांना, अन्य गुन्ह्यांबरोबरच, गुलाम बनवणे या मानवतेविरुद्धच्या अपराधाबद्दलही दोषी ठरविण्यात आले. गुलामगिरी ओळखण्यासाठी न्यायाधिकरणाने विक्रीची पावती शोधली नाही. माणसाच्या हालचालींवर कोणाचे नियंत्रण होते, मनावर दडपण कसे आणले होते, पळून जाऊ नये म्हणून कोणते उपाय योजले होते, धमक्या कोणत्या होत्या आणि राबवून कोण घेत होते, हे प्रश्न त्याने विचारले. आपल्याकडील तपासी अधिकाऱ्यालाही हेच प्रश्न उपयोगी पडतात. मजुराचे आधारपत्र कोणाजवळ होते? बाजाराला जाताना सोबत कोण असे? मजुरीचा हिशेब कोणाच्या वहीत होता? आजारपणात गावी जाऊ दिले का? या उत्तरांतून अदृश्य साखळदंड न्यायालयाला दाखवता येतो.

कलम चुकले तर

खटला पडण्याचे पहिले कारण पोलीस ठाण्याच्या पहिल्या कागदावरच निर्माण होते. मूल बेपत्ता झाल्याची नोंद होते, परंतु ते कोणी नेले याचा शोध नोंदीत येत नाही. भट्टीवरील मजुरांची तक्रार मजुरीचा वाद म्हणून कामगार खात्याकडे पाठवली जाते. विवाहाच्या नावाने परप्रांतात दिलेली मुलगी “नांदायला गेली” म्हणून प्रकरण मिटते.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ हा पुरोगामी कायदा आहे. त्याने २५ ऑक्टोबर १९७५ पासून सर्व वेठबिगार मुक्त केले, त्यांचे बांधील कर्ज नष्ट केले आणि रक्कम ही वेठबिगारीची उचल नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर टाकली. परंतु त्याखालील कमाल शिक्षा तीन वर्षांची, दंड दोन हजार रुपयांपर्यंतचा आणि गुन्हा जामीनपात्र आहे. याउलट न्याय संहितेच्या कलम १४३ खालील गुन्हा अजामीनपात्र असून सत्र न्यायालयात चालतो. बळी बालक असल्यास किमान शिक्षा दहा वर्षे आणि एकाहून अधिक बालके असल्यास किमान चौदा वर्षे, ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. लोकसेवक स्वतः या व्यापारात गुंतलेला आढळला, तर त्याला उर्वरित आयुष्यभराचा कारावास सांगितला आहे.

म्हणून उचल देऊन माणसे नेल्याचे व राबवल्याचे दिसत असेल, तेव्हा दोन्ही कायद्यांची कलमे एकत्र लावणे अगत्याचे असते. बळी अनुसूचित जाती-जमातींतील आणि आरोपी त्याबाहेरील असेल, तर वेठबिगारीस लावणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालीही अपराध आहे. देहविक्रयासाठी नेलेल्या प्रकरणांत अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ आणि बालकांच्या बाबतीत लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा २०१२ चा अधिनियम यांची जोड द्यावी लागते. विक्रीसाठी झालेल्या बालविवाहाबाबत २००६ च्या कायद्याचे कलम १२ विसरले जाते. मुलीला विवाहासाठी विकले असेल किंवा विवाहानंतर तिचा व्यापार केला असेल, तर असा बालविवाह मुळातच शून्य ठरतो. तो रद्द करून घेण्याचीही गरज राहत नाही.

गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, ही सबब आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते आणि पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

वयाचा दाखला : एका ओळीचे मोल

आरोपीच्या वकिलाचा पहिला हल्ला बळीच्या वयावर होतो. बळी अठरा वर्षांखालील ठरला, तर शिक्षेचे पारडे पूर्ण बदलते. म्हणून वय हा या खटल्यांतील कळीचा मुद्दा असतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये वयाच्या पुराव्याचा क्रम ठरवून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने दिलेला जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. बळीचे वय ठरवतानाही हाच क्रम अनुसरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पूर्वीच्या नियमांच्या संदर्भात सांगितले आहे. वैद्यकीय तपासणीतून निघणाऱ्या वयात दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे न्यायालयाने १९८२ सालीच मान्य केले आहे. समजा, सोळा वर्षांच्या मुलीचा कोणताच दाखला मिळाला नाही आणि तपासणीत वय सतरा निघाले. मग ती एकोणीसही असू शकेल, असा संशय उभा करून आरोपी त्याचा फायदा मागतो. शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील एका ओळीच्या अभावी दहा वर्षांची शिक्षा हातची जाऊ शकते, ती अशी.

येथे शिक्षकबंधूंना व भगिनींना एक सूचना करणे अस्थानी होणार नाही. आपल्या अनेक शाळांच्या जनरल रजिस्टरात जून महिन्याची पहिली तारीख जन्मतारीख म्हणून किती विद्यार्थ्यांपुढे आढळते, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रवेशाच्या सोयीसाठी अंदाजाने लिहिलेली ही तारीख न्यायालयात टिकेलच असे नाही. नोंद कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या आधारे केली हे सिद्ध झाल्याशिवाय तिला फारसे वजन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एका निकालात म्हटले आहे. मुख्याध्यापकाला साक्षीसाठी बोलावले जाते तेव्हा त्याला हाच प्रश्न विचारण्यात येतो. म्हणून पहिल्या प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला पाहून तारीख लिहावी, माहिती देणाऱ्याची सही वा अंगठा घ्यावा आणि मूळ प्रवेश अर्ज जपून ठेवावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांसाठी तर जन्मदाखला हाच शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा आधार ठरला आहे. ज्या वस्त्यांवर घरीच प्रसूती होतात व कुटुंबे हंगामात स्थलांतर करतात, तेथे नोंदी राहून जातात. अशा विलंबित नोंदी करून घेणे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे, ज्यांना गावात अजूनही ग्रामसेवक म्हणतात त्यांचे, मोलाचे काम आहे. आज कोरडी वाटणारी ती नोंद उद्या एखाद्या मुलीचे संरक्षण करील.

साक्षीदार टिकला पाहिजे

या गुन्ह्यात मुख्य साक्षीदार स्वतः बळीच असतो. तो घाबरलेला असतो. कित्येकदा ज्या दलालाविरुद्ध बोलायचे तो नात्यातला किंवा गावातला असतो. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे लोटतात. तोवर कुटुंब पुन्हा हंगामावर गेलेले असते, किंवा त्याच मुकादमाकडून नवी उचल घेतलेली असते. अशा साक्षीदाराने न्यायालयात जबाब फिरवला, तर त्याला दोष देण्यापूर्वी आपण त्याला काय आधार दिला, हे विचारले पाहिजे.

कायद्याने काही साधने उपलब्ध करून दिली आहेत. दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी हजर केलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवावा, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३ सांगते. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण कलम १०५ ने आवश्यक केले आहे. मुकादमाची वही, फोनमधील संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि वाहनाची माहिती हा पुरावा वेळीच हस्तगत झाला, तर संपूर्ण भार बळीच्या तोंडी साक्षीवर पडत नाही. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता देऊन ती देशभर लागू केली. दूरच्या राज्यातील किंवा परदेशी परतलेल्या बळीची साक्ष दूरदृश्य प्रणालीद्वारे थेट घेता येते, हे महाराष्ट्र शासनाच्या एका प्रकरणात २००३ साली निश्चित झाले. व्यापाराला बळी पडलेल्या बालकाला साक्षीसाठी पुन्हा त्या शहरात फरफटत न्यावे लागू नये, म्हणून त्याच्या जिल्ह्यातूनच साक्ष घेण्याची कार्यपद्धती २०२२ साली न्यायालयाने घालून दिली.

मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली प्रेरणा या संस्थेच्या याचिकेवर दिलेला निर्णयही मार्गदर्शक आहे. कुंटणखान्यातून सोडवलेली अठरा वर्षांखालील मुलगी आरोपी नसून काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे; तिला बाल कल्याण समितीपुढेच नेले पाहिजे; आणि तेथे तिच्या वतीने वकिलाने उभे राहू नये, असे त्यात सांगितले आहे. दलालच वकील देऊन मुलींना पुन्हा ताब्यात घेत, या अनुभवाची ती निष्पत्ती होती. दुसऱ्या बाजूने, प्रौढ स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा विसर पडता कामा नये. स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना छाप्यांत अटक करू नये वा छळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले आहे. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर, चालवणाऱ्यावर व शोषण करणाऱ्यावर असला पाहिजे.

मुक्तता प्रमाणपत्र व पुनर्वसन

वेठबिगारीच्या प्रकरणात प्रांत अधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकारी यांच्याकडून मिळणारे मुक्तता प्रमाणपत्र हा बळीच्या नव्या आयुष्याचा पहिला दस्तऐवज असतो. त्यानेच त्याचे कर्ज संपल्याचे अधिकृत होते आणि पुनर्वसनाचे दार उघडते. २०१६ पासूनच्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख आणि मानवी व्यापार, लैंगिक शोषण यांसारख्या गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये साहाय्य ठेवले आहे. याखेरीज सुटकेनंतर तातडीची रोख मदत मिळते. मात्र मुख्य रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे. याचा अर्थ असा की, तपास व खटला ढिसाळ झाला, तर आरोपी सुटतोच, शिवाय बळीच्या हाती पडणारे साहाय्यही अडते.

सुटका झालेल्या मजुराला पुनर्वसनाविना सोडून देणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच दारात उभे करणे होय, या अर्थाचा इशारा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला होता. जिल्हा व उपविभाग पातळीवरील दक्षता समित्या यासाठीच कायद्याने निर्माण केल्या आहेत. त्यांच्या बैठका कागदोपत्री न राहता हंगामापूर्वी व हंगामानंतर व्हाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे.

परदेशी नोकरीचे आमिष

अलीकडे या गुन्ह्याने शिक्षित तरुणांनाही गाठले आहे. थायलंडमध्ये संगणकावरील चांगल्या पगाराची नोकरी असे सांगून तरुणांना म्यानमार-थायलंड सरहद्दीवरील वसाहतींत नेले जाते, पारपत्रे काढून घेतली जातात आणि ऑनलाइन फसवणुकीचे काम बळाने करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांतून परत आणले. विदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाला उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीकृत मध्यस्थांची यादी केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. गावातील तरुणाने पैसे भरण्यापूर्वी ही यादी पाहिली, तर बरेच अनर्थ टळतील. परतलेल्या तरुणाला गुन्हेगार समजून गप्प बसवण्याऐवजी त्याचा जबाब नीट नोंदवला, तर त्याला पाठवणाऱ्या स्थानिक दलालापर्यंत पोचता येते. मानवी व्यापाराच्या गुन्ह्यांचा तपास २०१९ च्या दुरुस्तीपासून राष्ट्रीय तपास यंत्रणेकडेही देता येतो. तथापि साखळीची पहिली कडी गावातूनच सापडते.

गावाने काय करावे

वरील विवेचनावरून ग्रामपातळीवरील कर्तव्ये स्पष्ट होतात. सलग काही दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी शिक्षकाने जावे. “मामाकडे गेला” या उत्तरावर न थांबता गाव, व्यक्ती व फोन क्रमांक लिहून घ्यावा. हंगामी स्थलांतराच्या वेळी ग्रामपंचायतीने मुकादमाचे नाव, वाहन, कामाचे ठिकाण, उचलीची रक्कम आणि सोबत जाणाऱ्या मुलांची माहिती नोंदवावी. पोलीस पाटलाने गावात वारंवार येणाऱ्या अनोळखी मध्यस्थांची माहिती ठाण्यास द्यावी. ग्राम बाल संरक्षण समितीने विवाह जुळवणाऱ्या परक्या दलालांबाबत सावध असावे. संशय येताच बालकांसाठी १०९८ आणि अन्य वेळी ११२ या क्रमांकावर कळवावे. आपापसांत तडजोड घडवून आणू नये. अशा तडजोडीत बळीचे नुकसान आणि आरोपीची सुटका ठरलेली असते.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. पोट भरण्यासाठी गाव सोडणे हा गुन्हा नाही. तो प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. स्थलांतराची नोंद ही परवानगी नव्हे. नोंद ठेवण्याच्या नावाखाली गरिबांची, विशेषतः स्त्रियांची, अडवणूक झाली, तर लोक नोंदच टाळतील आणि दलालाचे काम सोपे होईल. सोडवून आणलेल्या व्यक्तीचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करणे, तिला सभेत उभे करणे, हेही कटाक्षाने टाळावे.

नवजात बालकांच्या विक्रीच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या व्यापाराचे प्रलंबित खटले सहा महिन्यांत निकाली काढण्याबाबत निर्देश दिले. न्यायालयांनी वेग घ्यायचा, तर पुरावाही तयार असला पाहिजे. तो जमवण्याचे काम गुन्हा घडल्यानंतर शहरातील ठाण्यात सुरू होत नाही. ते शाळेच्या रजिस्टरात तारीख लिहिताना, जन्माची नोंद घेताना आणि गैरहजर मुलाच्या दाराशी जाऊन चौकशी करताना सुरू होते. इगतपुरीच्या त्या बालिकेसाठी अशी चौकशी आता करता येणार नाही. येत्या हंगामात आपल्या गावातून जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी मात्र ती करता येईल.